मुकं हेल्मेट

हेल्मेटचा पट्टा शिवायचा तर मापाला डोकं हवं, आणि त्या दुपारी घरात मोकळं डोकं एकट्या आत्याचं होतं. मीटरची बायको शिलाई मशीनवर बसलेली. मीटरचं स्वतःचं डोकं मापाबाहेरचं आहे, असं त्याची बायको लग्न झाल्यापासून सांगत आली होती. उरली आत्या. ती खिडकीशी बसून समोरच्या इमारतीत सध्या कोण कोणाशी बोलत नाही याची उजळणी करत होती. तिला तिथून उठवून आतल्या खोलीत खुर्चीवर आणून बसवलं.

मीटर हे काही त्याचं नाव नव्हे. मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत तो यंत्रं सांभाळायचा, आणि काटा हलला तरच गोष्ट खरी असा त्याचा बाणा होता. कोणी म्हणालं, आज फार उकडतंय, तर हा आधी भिंतीवरच्या तापमापकाकडे बघायचा आणि मग घाम पुसायचा. संस्थेतल्यांनी त्याला मीटर म्हणायला सुरुवात केली, ते नाव घरापर्यंत पोचलं, आणि आता खुद्द बायकोसुद्धा रागात असली की ‘अहो मीटर’ म्हणायची. राग नसला की नुसतं ‘अहो’.

हेल्मेट संस्थेचं होतं. तशी ती दोन होती, दिसायला जुळी. दोन्हींच्या आत, कानांच्या वर, तारांची वेटोळी. एकातून हलकासा चुंबकी झोत मेंदूत सोडला जायचा. दुसरं मुकं, त्यातून काहीच नाही. कुठलं जागं आणि कुठलं मुकं हे फक्त डॉक्टरीणबाईंना ठाऊक. डोळे मिटून बसलेल्या माणसाला तो झोत लागला की वाटावं, आपल्यामागे कोणीतरी उभं आहे. कुणाला देव वाटे, कुणाला गेलेली आई. एका गृहस्थाला घरमालक वाटला होता. श्रद्धा नेमकी मेंदूच्या कुठल्या गल्लीत राहते, तिचा पत्ता काढायचा असं ते संशोधन होतं. मीटरचं काम त्याहून सोपं. हेल्मेट बसवायचं, ठरलेली वाक्यं ठरलेल्या आवाजात म्हणायची, माणसाला एकटं सोडून दार लावायचं, आणि वेळ झाली की हेल्मेट उतरवायचं. एकाचा पट्टा तुटला. संस्थेच्या वेगाने नवा पट्टा यायचा तर मधे एखादा ऋतू गेला असता. म्हणून मीटरने ते पिशवीत घालून घरी आणलं.

“हे टोपडं घालून दिसते कशी मी?” आत्याने विचारलं.

“अंतराळात निघाल्यासारख्या,” बायको ओठांत टाचण्या धरून म्हणाली. “हनुवटी वर करा जरा.”

“वर जायचं वय झालंच आहे माझं. पण चहा घेऊन जाईन म्हणते.”

माप झालं. बायको पट्टा घेऊन मशीनकडे गेली. हेल्मेट मात्र आत्याने उतरवू दिलं नाही, कान कसे ऊबदार राहतात म्हणाली. तेवढ्यात मीटरच्या अंगात नोकरी संचारली. समोर हेल्मेट घातलेला माणूस बसलाय आणि आपण ती वाक्यं म्हणायची नाहीत, हे त्याला जमेना.

“आरामात बसा. डोळे मिटा. जे वाटेल ते वाटू द्या. जे वाटणार नाही ते वाटून घेऊ नका,” तो संस्थेतल्या आवाजात म्हणाला.

“मला अहोजाहो करतोयस, बाळ?”

“नियम आहे तसा.”

आत्याने डोळे मिटले. दार लागलं.

ती खोली मीटरच्या वडिलांची. मागच्या वर्षी ते तिथेच गेले. पलंग काढून टाकला होता, खुर्ची राहिली होती, आणि पडदा एवढा जाड होता की भर दुपारीही तिथे संध्याकाळच असायची. बाहेर मशीन खडखडत होतं. मग ते थांबलं, आणि घरात अशी शांतता पसरली की बायकोने उगाचच मागे वळून पाहिलं.

थोड्या वेळाने आत्या बाहेर आली ती चहा न मागता.

“दादा येऊन गेला,” ती म्हणाली.

“कोण दादा?”

“मला दादा किती आहेत? तुझा सासरा.”

बायकोच्या हातातली कात्री तशीच राहिली. आत्याच्या मागोमाग मीटर आला. त्याने पिशवीतून गुंडाळलेली वायर काढली आणि आत्याच्या नाकासमोर धरली. “ही बघ. ही वायर पेटीला जोडावी लागते. पेटी संस्थेत आहे. हेल्मेट बंद होतं, आत्या. ते आत्ता तुझ्या कानटोपीइतकंच हुशार आहे.”

“मी वायरीचं कुठे म्हणतेय? दादाला यायला वायर कशाला लागेल?”

मीटरने वायर पुन्हा गुंडाळून पिशवीत ठेवली.

“कुठे होते बाबा?” बायकोने आवाज खाली आणून विचारलं.

“इथे. डाव्या खांद्यामागे. उभा. मी म्हटलं, बस की जरा. तर खाकरला. तो बोलायच्या आधी खाकरायचा नाही का, अगदी तसा. आणि निलगिरीच्या तेलाचा वास. मानेला लावायचा ना तो.”

“काय बोलले?”

“काहीच नाही. खाकरला आणि गप्प राहिला. हे त्याचं नवीनच आहे काहीतरी.”

पट्टा शिवून झाला तेव्हा तो घालून बघायला हवा होता. बायको म्हणाली, मीच बघते. नुसता पट्टा बघायचा तर आरशासमोर बघता आला असता, पण ती सासऱ्यांच्या खोलीत गेली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “म्हणा तुमची ती वाक्यं.” मीटरने म्हटली. दार लागलं. बाहेर आत्या दाराला कान लावून उभी राहिली, आणि वय विसरून एका पायावर उभी राहिली, कारण दुसऱ्या पायाखालची फरशी वाजायची.

बायको बाहेर आली तेव्हा नाक लाल होतं.

“सांगून टाकलं मी बाबांना,” ती म्हणाली.

“काय सांगितलंस?” आत्याने विचारलं.

“त्यांचा रेडिओ बिघडलाच नव्हता. मी आतली एक तार काढून ठेवली होती. दिवसभर त्याच त्याच बातम्या, आत्या, डोकं उठायचं हो. ते बिचारे रोज त्याला थापट्या मारायचे. मी म्हणायची, जुना झालाय.”

“मग? रागावला?”

“खाकरले. पण समजून घेतल्यासारखे.”

मीटर मागेच उभा होता. रेडिओ त्याने स्वतः दोनदा उघडून पाहिला होता, आणि दोष सापडत नाही म्हणून वडिलांचं एक लांबलचक व्याख्यान ऐकलं होतं. पण आता ते काढण्यात अर्थ नव्हता. तो एवढंच म्हणाला, “वायर जोडलेली नाही, हे तुम्ही दोघी लक्षातच घेत नाही.”

समोरच्या दारात वकीलसाहेब राहत. कोर्ट सुटलं तरी उलटतपासणी सुटली नव्हती. मीटरच्या वडिलांशी ते रोज बुद्धिबळ खेळायचे. आत्याने त्यांना जिन्यात गाठून सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “ऐकीव पुरावा. ग्राह्य नाही.” आणि दुसऱ्या दिवशी, पुरावा नाही हे सिद्ध करायला, स्वच्छ दाढी करून हजर झाले.

“मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही,” त्यांनी खुर्चीवर बसताना बजावलं.

“मीही नाही,” मीटर म्हणाला. आपल्या मताचा माणूस भेटला की कसं बरं वाटतं. “वायर बघून घ्या. जोडलेली नाही.”

“नोंद घेतली. चला.”

वाक्यं झाली, दार लागलं. वकीलसाहेब ठरल्या वेळेआधीच हेल्मेटसकट बाहेर आले. पट्टा आत्यानेच सोडवला. आत्याने पुढे केलेलं पाणी त्यांनी प्यायलं आणि भिंतीकडे बघत म्हणाले, “ते तोंड धुवायला आत गेले असताना मी एकदा हत्ती सरकवला होता.”

“एकदाच?” आत्याने विचारलं.

वकीलसाहेबांनी बराच विचार केला. “मी शपथेवर नाही,” ते म्हणाले आणि निघून गेले.

इथून पुढे घराची चाल बदलली. भीती म्हणावी तर कोणी किंचाळत नव्हतं. उलट सगळे फार सभ्य झाले होते, आणि तेच जास्त भयंकर होतं. आत्या सोफ्यावर बसताना डावीकडे एका माणसाची जागा सोडायची. बायको दार उघडलं की लगेच लावायची नाही, मागचा माणूस आत येईपर्यंत क्षणभर धरून ठेवायची. वकीलसाहेब जिना उजव्या भिंतीला घासत चढायचे, त्यामुळे त्यांच्या कोटाची उजवी बाही पांढरी दिसायला लागली. कोणी कोणावर आवाज चढवत नव्हतं. एकदा मीटरने आमटीत मीठ कमी आहे म्हटलं, तर दोघींनी त्याच्याकडे न बघता त्याच्या खांद्याच्या मागे, जरा वर बघितलं. मीटरने मीठ न घेता जेवण संपवलं.

आणि याच सुमारास मीटरला एक गोष्ट बोचायला लागली. ती अशी, की वडील सगळ्यांकडे आले आणि त्याच्याकडे आले नाहीत.

भूत नसतं, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. पण नसलेलं भूतसुद्धा नेमकं आपल्यालाच टाळतंय, हे त्याच्या मनाला लागलं. बहिणीला भेटावं हे ठीक. सुनेला भेटले, तेही समजू शकतो, तिने सेवा केली. पण हत्ती सरकवणाऱ्या शेजाऱ्याला दर्शन, आणि पोटच्या पोराला नाही?

त्याला कारण माहीत होतं. शेवटच्या दिवसांत वडील म्हणायला लागले होते की ती येते. ती म्हणजे मीटरची आई. तिला जाऊन बरीच वर्षं झालेली. दुपारी येते, पायाशी बसते, काही बोलत नाही, म्हणायचे. मीटरने त्यांच्यासमोर कागदावर मेंदू काढला. हा भाग असा बिघडला की असं माणूस दिसतं, हे पेन्सिलीने गोल करून दाखवलं. मग डॉक्टरांकडून गोळी आणली. गोळी सुरू झाली आणि आई यायची बंद झाली. उपचार यशस्वी झाला होता. वडिलांनी फक्त एवढंच विचारलं, “मग आता ती कुठे बसते?” मीटर हसला होता. त्यानंतर वडील त्याच्याशी बोलले नाहीत. बोलायच्या आधी खाकरायचे, तेवढंही नाही.

आता मीटर चोरून त्या खुर्चीत बसायला लागला. बायको बाजारात गेली, आत्या डुलकीत असली, की हेल्मेट चढवायचं, स्वतःच स्वतःला ती वाक्यं सांगायची, डोळे मिटायचे. मागे खोली असायची आणि खोलीत काही नसायचं. ते नसणं इतकं स्वच्छ होतं की त्याला पडद्याच्या कड्या गंजताना ऐकू येतील असं वाटायचं. “बाबा,” तो एकदा पुटपुटला, “वकीलसाहेबांपेक्षा तरी मी बरा आहे.” कोणी दुजोरा दिला नाही.

मग त्याने संस्थेत दुसरं हेल्मेट गाठलं. आपल्याकडे पट्ट्याला आलेलं कुठलं आणि हे कुठलं हे त्याला माहीत नव्हतं. पण एक तरी जागं असेलच, म्हणून शिवलेलंही बरोबर नेलं. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही आळीपाळीने पेटीला जोडून, बटण पार शेवटपर्यंत फिरवून बसला. एकाने काही केलं नाही. दुसऱ्याने दाढेत भरलेली चांदी ठणकवली. वडील म्हणून जे काही मेंदूत असेल त्याला धक्का लागला नाही. डोळे उघडले तेव्हा दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

“मीटर, तुम्ही?”

“बघत होतो, मॅडम. बरोबर चालतंय का.”

“चालत नाहीये, तेच सांगायला आले.” त्या समोरच्या स्टुलावर बसल्या. बाईंचा आवाज नेहमीच शांत असायचा. आज त्यात झोप न झालेली शांतता होती. “कितीतरी वर्षं लोक बसवतोय आपण. आधी सगळं ठीक होतं. जाग्या हेल्मेटमध्ये लोकांना मागे कोणीतरी वाटायचं, मुक्यात क्वचित. गेल्या वर्षीपासून मुक्यातही तेवढंच वाटतंय. आणि काय वाटतंय सांगू? कोणी म्हणतं आजोबा, कोणी म्हणतं मास्तर, कोणी म्हणतं देव. पण सगळ्यांचे आजोबा, मास्तर आणि देव डाव्या खांद्यामागेच उभे राहतात. आणि सगळे खाकरतात.”

मीटरने डोक्यावरचं हेल्मेट उतरवलं.

“वास?” त्याने विचारलं.

“वास कसला?”

“निलगिरीचं तेल.”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. “कोणी औषधी वास म्हणालं होतं. कोणी दवाखाना म्हणालं. तुम्हाला कसं कळलं?”

मीटर उभा राहिला. एवढ्या वर्षांची नोकरी, एवढे काटे, एवढी मापं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते ऐकून त्याचं त्यालाच नवल वाटलं. “मॅडम, ते माझे वडील आहेत.”

“तुमचे वडील वारले ना?”

“हो. तेव्हापासूनच.”

बाई हसल्या नाहीत. तसं हसणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “बसवा मला. कुठलंही हेल्मेट. पेटी बंद ठेवा. बाकी सगळं रोज करता तसंच.”

मीटरने हेल्मेट बसवलं, पट्टा लावला, वाक्यं म्हटली. दार लागलं. खोलीतला पंखा संथ फिरत होता. बराच वेळ गेला. मग डॉक्टरीणबाई डोळे न उघडता म्हणाल्या, “आलंय कोणीतरी.”



“डाव्या बाजूला,” बाई म्हणाल्या. “उभं आहे. वयस्कर असावं. वास आहे. आता खाकरेल बहुतेक.”

कोणीतरी खाकरलं.

“मीटर,” बाई म्हणाल्या, “तुम्ही खाकरलात.”

“मी? नाही, मॅडम.”

“आणि तुम्ही बाहेर असायला हवं होतं.”

“बाहेरच… म्हणजे, दार लावलं की मी.”

“आतून लावलंत.”

मीटरने दाराकडे पाहिलं. दार खरंच लागलेलं होतं आणि तो खरंच त्याच्या आत होता. बाईंनी हेल्मेट उतरवलं, वळल्या, आणि त्याच्याकडे यंत्राकडे बघावं तशा बघत राहिल्या. अंगात वडिलांचा स्वेटर. मानेला वडिलांच्या उरलेल्या बाटलीतलं तेल. हल्ली मान फार आखडायची. पाठीला वडिलांचाच बाक.

“कधीपासून आत थांबता?”

“डोळे मिटलेला माणूस खोलीत एकटा सोडवत नाही, मॅडम,” मीटर म्हणाला. “एकदा सोडला होता. गरम पाणी आणायला गेलो तेवढ्यात…” तो थांबला. “मी काही आवाज करत नाही. नुसता उभा असतो. मला वाटलं, माझं काय मोजायचंय त्यात?”

“कानाला कळतं, नाकाला कळतं, मागे माणूस आहे. डोळ्यांना कोणी दिसत नाही, आणि तुम्ही तर सांगून गेलेले. मग मेंदू बिचारा आपल्याजवळचं एखादं नाव काढतो आणि त्या माणसाला चिकटवून टाकतो. इतकं साधं होतं हे.” बाईंनी कपाळ चोळलं. “काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझं एक वर्ष गेलं, मीटर. श्रद्धेचा पत्ता शोधत होते, आणि प्रत्येक वेळी तुमच्या घरी पोचत होते.”

“पण मी बसलो तेव्हा मला काहीच का नाही वाटलं?”

“तुम्ही बसलात तेव्हा मागे कोण उभं होतं?”

मीटरने प्रामाणिकपणे विचार केला. “कोणी नाही.”

“मग कोण वाटणार?”

शिवलेलं हेल्मेट पुन्हा पिशवीत घालून घरी जाताना मीटरला सुटल्यासारखं वाटलं आणि लुटल्यासारखंही. वडील कोणाकडेच आले नव्हते. म्हणजे निदान त्यांनी पक्षपात तरी केला नव्हता. पण त्याचा अर्थ असाही होता की आता ते कधी येण्याची शक्यता उरली नव्हती, आणि जे विचारायचं होतं ते विचारायची खिडकी बंद झाली होती. पेटी बंद, वायर गुंडाळलेली. काटा शून्यावर. शून्य हे माप त्याला आजवर कधी इतकं थंड लागलं नव्हतं.

बायको स्वयंपाकघरात ओट्यापाशी होती. त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता. ती भांडं विसळत राहिली.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली.

“काय ठाऊक आहे?”

“तुम्हीच होतात ते. खाकरणं कोणाचं आहे हे मला नाही कळणार? रोज रात्री शेजारी ऐकते.”

“कधी कळलं?”

“बसल्या बसल्याच.”

“मग बोलली का नाहीस? रेडिओचं एवढं सगळं रडून सांगितलंस…”

“रेडिओ तुम्ही दोनदा उघडला होतात. तुम्हालाही सांगायचंच होतं ना कधीतरी.” तिने भांडं पालथं घातलं. “आणि अहो, मी बोलत होते आणि तुम्ही मधे एक शब्द बोलला नाहीत. नुसतं खाकरून ऐकून घेतलंत. मी म्हटलं, असं चाललंय तर चालू दे चार दिवस.”

मीटर स्टुलावर बसला. बायकोने त्याच्यापुढे चहा ठेवला, आणि त्या चहाचं तापमान बघावं असं त्याला सुचलं नाही.

“आत्याला सांगायला हवं,” तो म्हणाला.

“सांगा. सकाळी जायचीय ती लेकाकडे. हेल्मेटही उद्या परत जाणार. ती तर आज शेवटचं बसायचं म्हणून कधीची तयार होऊन बसलीय.”

“बिचारीला काय वाटेल?”

“ते तुम्हीच मोजा,” बायको म्हणाली. “तुमचं काम ते.”

खोलीत दिवस मावळत होता. आत्या हेल्मेट घालून खुर्चीत बसली होती, पट्टा हनुवटीखाली नीट आवळलेला, हात मांडीवर. डोळे आधीच मिटलेले. नाटकाला लवकर येऊन पहिल्या रांगेत बसलेल्या माणसासारखी ती दिसत होती.

“आत्या, एक सांगायचं होतं.”

“नंतर. दार लाव, आणि जा तू.”

मीटरने दार लावलं. या खेपेला आपण दाराच्या कुठल्या बाजूला उरतोय हे त्याने मुद्दाम पाहिलं. आतल्या. कडीवर हात होता. एक पाऊल टाकलं असतं तर बाहेर जाता आलं असतं. खुर्चीतलं ते छोटंसं डोकं, मिटलेले डोळे, आणि त्यांच्यामागे रिकामी भिंत. त्याच्याने जाववेना. तो हळूच तिच्यामागे जाऊन उभा राहिला, खाकरायचं नाही असा निश्चय करून.

“आलास का, दादा?” आत्या म्हणाली.

मीटर गप्प राहिला.

“बस म्हटलं तरी बसणार नाहीस, म्हणून म्हणतच नाही. उद्या मी जाते. परत कधी येईन, नाही येईन. म्हणून एक विचारून घेते.” ती थांबली, पट्टा जरा सैल केला. “बाळनं तुला ती गोळी दिली. वहिनी यायची बंद झाली. त्याने भल्यासाठी केलं, हे मला कळतं आणि तुलाही कळत असणार. पण तू जाईपर्यंत त्याच्याशी बोलला नाहीस. तो हल्ली कोणी नसताना या खुर्चीत येऊन बसतो. त्याला वाटतं, मला झोप लागलीय. मला हल्ली कुठली झोप? पोरगं डोळे मिटून बसलेलं असतं, आणि इतकं वाट बघत असतं की दारातून बघवत नाही.”

मीटरने भिंतीला हात टेकला.

“तर मला एवढंच सांग. अजून राग आहे का तुझा त्याच्यावर?”

 हा प्रश्न आपल्यालाच विचारलाय हे मीटरला कळत होतं, कारण मागे दुसरं कोणी नव्हतं. आणि उत्तर आपल्याला माहीत नाही हेही कळत होतं. नाही म्हणावं, तर आरोपीने स्वतःच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून स्वतःला सोडून दिल्यासारखं होतं. आहे म्हणावं, एवढी छाती नव्हती. गप्प राहावं, तर वडील असेच गप्प राहिले होते, आणि त्याहून वाईट उत्तर त्याला आयुष्यात मिळालं नव्हतं. खाकरणं घशाशी आलं ते त्याने गिळलं. मान आखडली होती. ती डावीकडून उजवीकडे नेणं ही एवढीशी गोष्ट, पण ती कोणाच्या वतीने करायची?

आत्याचा चेहरा सैल पडला. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. तिची पाठ त्याच्याकडे होती, डोळे मिटलेले होते, आणि ती हसत होती.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. “शब्दांत नाही सांगितलंस तरी चालेल. मानेने नाही म्हणालास, पुरे झालं. मी सांगते त्याला.”

मीटर जिथल्या तिथे उभा होता. मान हलवायची की नाही, हे त्याचं अजून ठरत होतं.